भागुनाना आणि साठावी पायरी

"मॅडम, मला बाकीचं कायबी शिकवू नका. फकस्त ह्ये बटान भराभरा दाबायला शिकवा."

भागुनाना माझ्यापुढं उभं राहून हे बोलले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. अठ्ठ्याण्णव साल. पारनेरला खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझ्या मामानं कॉम्प्युटर क्लास काढला होता. मामा स्वतः नगरला बसायचा आणि मला रोज सकाळच्या एसटीनं पारनेरला धाडायचा. दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर, आईनं शिवून दिलेली झालरीची कव्हरं आणि खालून येणारा युरियाचा वास, एवढा आमचा कारभार. पोरं चपला दाराबाहेर काढायची, उंबऱ्याला हात लावायची आणि मगच आत यायची. त्यांना लेटर टाइप करायला, चित्र काढायला, झालंच तर बेरजा करायला शिकायचं असायचं. आणि हा साठी ओलांडलेला माणूस म्हणतोय, फक्त बटण दाबायला शिकवा. मला आधी वाटलं थट्टा करतायत. मग वाटलं जरा सटकलेले असतील.

"नाना, त्याचा उपयोग काय पण?"

"उपयोग मी बघतो. तुमी शिकवा."

खरं तर ते आले होते पुतणीच्या लग्नाची पत्रिका टाइप करून घ्यायला. जुन्या कॅलेंडरच्या पानामागं मजकूर लिहून आणला होता. मी तो लावत होते आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर वैशाली नावाची कॉलेजातली मुलगी बेडकाचा खेळ खेळत होती. आम्हाला मशिनं जोडून देणाऱ्या माणसानं एका फ्लॉपीत घालून दिलेला तो खेळ. एक खोल विहीर, तळाशी हिरवा बेडूक. माउसचं बटण एकदा दाबलं की बेडूक एक पायरी चढतो. वेळ दहा सेकंद. तेवढ्यात साठ पायऱ्या झाल्या की बेडूक टुणकन विहिरीबाहेर येतो आणि घंटा वाजते. नाही झाल्या तर धपकन खाली पडतो. दोन्ही वेळेला कोपऱ्यात आकडा येतो, किती पायऱ्या चढला त्याचा. वैशालीचा बेडूक चौसष्टवर जाऊन घंटा वाजवून आला. नाना पत्रिका विसरून तिच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले.

"ह्ये कोन मोजतं?"

"कॉम्प्युटर मोजतो," मी म्हटलं.

"चुकत न्हाई?"

"छे! कॉम्प्युटर कधी चुकतो का?"

"कुनाची बाजू घेत न्हाई? म्हंजे म्हातारं मानूस हाय, जाऊ द्या, दोन वाढवून टाका, असं?"

"नाही हो नाना. जेवढं दाबलं तेवढंच दाखवणार."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि मान हलवत पुन्हा पुन्हा त्या विहिरीकडं बघत बसले. पत्रिकेत त्यांनी दिलेला मुहूर्त चुकीचा होता हे मी दोनदा सांगितलं तरी त्यांच्या कानात शिरलं नाही.

भागुनाना एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन दोनएक वर्षं झाली होती, पण ते अंगातून काही उतरलं नव्हतं. क्लासात आले की आधी दारात थांबून माणसं मोजायचे, ओठ हलवत. "सात. कालच्यापरीस दोन कमी." खुर्ची कायम दाराजवळची. कुणी वाटेत उभं असलं की आपोआप तोंडातून यायचं, "पुढं सरका, पुढं जागा हाय." एकदा वीज गेली आणि यूपीएस पिक् पिक् करायला लागला, तर म्हणाले, "कुनाला उतरायचंय रे?" खिशात त्यांचा तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच असायचा. डेपोनं जमा करून घेतलेला वेगळा, हा म्हणे त्यांचा स्वतःचा. बोलता बोलता हात खिशात जायचा आणि आतून कट् कट् आवाज यायचा. आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "नग आन तिकिटं, हिशोब लागला पायजे." नग म्हणजे माणसं. गाडीत जेवढी डोकी तेवढी तिकिटं गेली पाहिजेत, एक कमी नाही, एक जास्त नाही.

डबल क्लिक शिकवायला मला पोरांबरोबर आठवडा लागायचा. नानांना एका मिनिटात आलं. "एक घंटी म्हंजे गाडी थांबवा, दोन घंट्या म्हंजे चला. ह्यात शिकायचं काय?" मी कपाळावर हात मारला. पण दोन क्लिकवर खरंच प्रोग्राम चालू होत होता.

दुपारी एक ते दोन ही वेळ त्यांना दिली, कारण तेव्हा क्लास रिकामा असायचा. पहिल्या दिवशी मी माउस हातात दिला, तर त्यांनी तो टेबलावरून उचलला, मुठीत धरला आणि हवेत अधर धरून अंगठ्यानं दाबायला लागले. तिकीटपंच धरतात तसा. बेडूक बिचारा बावीस पायऱ्या चढला आणि पडला.

"नाना, माउस खाली ठेवा. टेबलावरच ठेवायचा असतो."

"आवो, खाली ठिवला तर जोर कसा लागंल?"

"जोर लावायचाच नाहीये!"

"जोर न लावता तिकीट फाटंल का?"

आठ दिवस मी त्यांचा अंगठा सोडवून तर्जनी वापरायला शिकवत होते. मनगट टेबलाला टेकवा. बोट उंच उचलू नका, बटणाला चिकटवूनच ठेवा, नुसतं थरथरवा. श्वास धरून बसू नका. नख वाढलंय, कापून या. हे सगळं मी कुठून शिकले म्हणाल, तर कुठूनच नाही. दुसऱ्या मशिनवर मी स्वतः बसायची, पोरं जेवायला गेली की बेडकाला उड्या मारायला लावायची आणि काय केल्यानं आकडा वाढतो ते बघायची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेतलेली मुलगी मी, आणि भर दुपारी बेडूक चढवत बसलेली. मामानं बघितलं असतं तर तंगडं मोडलं असतं.

नाना मात्र मनापासून करायचे. बसायच्या आधी स्टोव्हवर पाणी गरम करायला लावायचे आणि त्यात मीठ टाकून पाच मिनिटं बोटं बुडवायचे. रात्री एरंडेल चोळायचे. घरी शेंगा फोडायचं काम त्यांनी अंगावर घेतलं, एका बोटानं. रोजचा आकडा एका जुन्या तिकिटाच्या मागं लिहायचे. एकतीस. चौतीस. तेहतीस. अडतीस. चाळीसला आले तेव्हा आम्ही दोघांनी चहा मागवला. एक्केचाळीसला आले आणि तिथं गाडी अडकली. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, एक्केचाळीसच्या पुढं बेडूक हलेना. त्यांच्या बोटाला शेवटी शेवटी एक बारीक थरकाप यायचा. तो मी बघितला की ते हात मांडीखाली घ्यायचे.

"साठच कशाला पाहिजेत नाना? एक्केचाळीस काय कमी आहेत तुमच्या वयाला?" मी एकदा विचारलं.

"साठ मंजी साठ. भरलेली गाडी."

मला अर्थ लागला नाही. मी आपली हो म्हटलं.

अर्थ लावून दिला नानींनी. एके दिवशी डोक्यावरचा पदर सावरत, जिन्यानं धापा टाकत त्या वर आल्या आणि चप्पल न काढताच दारातून म्हणाल्या, "ती तुमीच का मॅडम? म्हाताऱ्याला काय शिकिवलंय तुमी?"

मी घाबरले. "का हो, काय झालं?"

"काय झालं म्हंजे? सकाळी परातीवर बोट आपटतंय, दुपारी पत्र्याच्या डब्यावर आपटतंय, राच्च्याला झोपंत माझ्या पाठीवर आपटतंय! मी म्हनलं काय करताय, तर म्हनं, गप, मोजतोय."

मला हसू आवरेना आणि त्यांनाही. मग त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि हळू आवाजात सांगायला लागल्या. "त्या इस्माईलसाठी चाललंय समदं. त्याला दाखवायचंय त्याला."

इस्माईलभाई म्हणजे नानांचे ड्रायव्हर. पारनेर-नगर गाडीवर दोघं अकरा वर्षं एकत्र होते. एकाच्या डब्यात दुसरा जेवायचा. कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसे भाई नानांना मास्तरच म्हणायचे. पारनेरहून भरलेली गाडी निघाली की सुप्याच्या आत सगळी तिकिटं झाली पाहिजेत, हा नानांचा नेम होता, कारण सुप्याला हायवेचं नवीन गिऱ्हाईक चढतं आणि मग जुनं कोण नि नवं कोण कळत नाही. साठ माणसं असोत नाही तर सत्तर, नानांची तिकिटं सुप्याच्या आत व्हायचीच. अख्ख्या डेपोत त्यांचं तसं नाव होतं. शेवटच्या वर्षात एका बाजारच्या दिवशी मात्र झाली नाहीत. सुपं दिसायला लागलं आणि अर्धी गाडी बिनतिकिटाची. तेव्हा इस्माईलभाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि मागं वळून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले, "थांबा पाच मिनिटं. मास्तरचा हात चालत न्हाई आता."

"भर गाडीत," नानी म्हणाल्या. "त्या दिसापास्नं दोघं बोलत न्हाईत. ह्यांनी अर्ज करून डेपोतलं बसायचं काम मागून घेतलं. म्हनं, मशिनवर साठ करून दाखवीन, आन त्या इस्माईलला वर बोलवून आनीन, म्हनंन, बघ, कोनाचा हात गेला."

म्हणजे एवढ्यासाठी मीठ-पाणी, एवढ्यासाठी शेंगा. हसावं की रडावं, मला कळेना. पण त्या दिवसापासून नाना बसले की मीही हातातलं काम टाकून त्या हिरव्या बेडकाकडं बघायला लागले. तो साठाव्या पायरीवर पोचला नाही, तर ह्या दोघांचं बोलणं ह्या जन्मात काही सुरू होणार नव्हतं.

गंमत अशी की इस्माईलभाई रोज आमच्या खालीच बसलेले असायचे. खताच्या दुकानाला लागून चहाची टपरी होती, तिथं, जिन्याकडं पाठ करून. पांढरी दाढी, डोळ्याला चष्मा, बसायची पद्धत अजून स्टेअरिंगवर बसल्यासारखी. नाना जिन्यावरून उतरले की ते कपात बघायचे. नाना स्टँडच्या बाजूला वळले की मान वर करून मला विचारायचे, "मॅडमजी, आज कितना हुआ?"

"एक्केचाळीस."

"अभी बी एक्केचाळीस?" आणि जीभ चुकचुकायचे. ह्यांना आनंद झालाय की वाईट वाटलंय, देवाशपथ मला कळायचं नाही. एक दिवस मी सरळ विचारलं. म्हटलं, भाई, भांडण तुम्हीच लावलंत आणि रोज चौकशी पण तुम्हीच करता, हे काय आहे?

त्यांनी कप खाली ठेवला. "त्याला बोलायचं न्हाई. कसम हाय तुमाला."

"नाही बोलणार."

"दोन वर्सं त्याचा हात जात हुता. मला आरशात दिसायचं ना. मी काय केलं, सुप्यापर्यंत काटा चाळीसच्या वर जाऊच दिला न्हाई. लोक वरडायचे, मी म्हनायचो इंजिन गरम हाय. गाडी हळू म्हनून तिकिटं व्हायची. त्याला वाटायचं हात अजून चालतो. त्या दिवशी वरून सांगितलं हुतं, तुमची गाडी रोज लेट हुते, आज झाली तर बगा. मी नेली जोरात. मग सुपं आलं, तिकिटं न्हाईत. पुढं गेलो असतो तर चेकिंगमधी तो सापडला असता, नोकरीवर आलं असतं त्याच्या. म्हनून उबी केली. बोललो ते मातर वाईट बोललो. तोंडातनं गेलं."

"मग हे त्यांना सांगा ना!"

"काय सांगू? तुझा हात दोन वर्सं आदीच गेलता म्हनून सांगू?"

मी जिना चढून वर आले. नानीचं ऐकलं तर भाईचा राग यायचा, भाईचं ऐकलं तर नानांचा. वर मी कसम घेऊन बसलेली. नाना दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "शेवटपत्तूर सुप्याच्या आत केलीत मी तिकिटं. एक तेवढा दिस सोडला तर." मी "हो ना," म्हटलं आणि माउसमधली गोळी काढून पुसायला घेतली. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत होईना.

दसरा आला. मशिनांची पूजा करायची होती. फुलं होती, हळद-कुंकू होतं, नारळ होता, पण नारळ फोडायला पुरुषमाणूस कोण? नाना त्या दिवशी घरी. मी खाली वाकून हाक मारली, "भाई, जरा येता का?" इस्माईलभाई लगेच आले. चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला. डेपोत तीस वर्षं दसऱ्याला त्यांनी गाडीपुढं नारळ फोडला होता, त्यामुळं त्यांना काही सांगावं लागलं नाही. उंबऱ्यावर एका फटक्यात नारळ फोडला आणि वाटीतलं पाणी धरून मला विचारलं, "ह्याच्यात हातानं चालवायचं काय असतं?"

"हा माउस," मी म्हटलं.

"म्हंजे स्टेअरिंग," असं म्हणून मी हां हां म्हणेपर्यंत त्यांनी नारळाचं पाणी त्या माउसवर शिंपडलं. बोटांनी नाही, चांगलं ओंजळीनं. "आदी स्टेअरिंगला, मग चाकाला," ते म्हणाले आणि चाकं कुठायत ते शोधायला लागले. मी ओरडले. मग दोघांनी मिळून तो माउस फडक्यानं पुसला, उन्हात ठेवला, आणि संध्याकाळी लावून बघितला तर चालत होता. देवा, वाचवलंस, म्हणून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी एकाला नाना आले. नानींनी दिलेलं सोनं मला दिलं. बोटं मीठ-पाण्यात बुडवली, पुसली, मनगट टेकवलं. वैशाली आणि तिच्या दोन मैत्रिणी त्या दिवशी लवकर आल्या होत्या, त्या मागं उभ्या राहिल्या. नानांचे ओठ नेहमीसारखे हलायला लागले आणि बेडूक सुटला. अहो, काय सुटला! दोन दोन पायऱ्या घेत वर चालला. चाळीस गेल्या, पन्नास गेल्या, साठ! बेडूक विहिरीबाहेर आला आणि घंटा वाजली. त्रेसष्ट.

पोरींनी किंचाळून क्लास डोक्यावर घेतला. मी टाळ्या वाजवल्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वैशाली तर जिन्यावरून खाली पळाली आणि ओरडली, "भाई, या वर, नानांनी साठ केले!" नाना काहीतरी बोलायला बघत होते, पण त्यांचं ऐकतंय कोण? इस्माईलभाई वर आले. दारात उभे राहिले, चष्मा पुसला, पडद्यावरचा आकडा बघितला. तीन वर्षांनी पहिल्यांदा ते नानांशी बोलले.

"मास्तर, मी हारलो. हात हाय तुझा. मी खोटा."

आता नाना उठतील, छाती काढून बोलतील असं मला वाटलं. नाना बसूनच होते. त्यांनी माउसकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, हिशोब लागत न्हाई."

"काय झालं नाना?"

"नग एक्केचाळीस. तिकिटं तिरसष्ट. मी मोजलंय. मी येक्केचाळीसच डाव दाबलं."

मी म्हटलं, असं कसं होईल, कॉम्प्युटर चुकत नाही. त्यांनी मला माउस दिला. मी एकदाच दाबलं, बेडूक दोन पायऱ्या चढला. परत दाबलं, एक चढला. परत दाबलं, दोन. आत नारळाचं पाणी चिकटून बसलं होतं आणि बटण एका दाबात दोनदा लागत होतं. माझं तोंड एवढंसं झालं. इस्माईलभाईंचं तर विचारूच नका, त्यांनी वाटीकडं बघितलं आणि खाली बसले.

"आरं, पन मशिन म्हनतंय ना तिरसष्ट," ते चाचरत म्हणाले. "मशिन म्हनतंय तर खरंच असंल. सोड ना."

"मशिनची बाजू घिऊ नको भाई." नाना शांतपणे म्हणाले. "गाडीत डोकी येक्केचाळीस आसली आन तिकिटं तिरसष्ट फाटली तर त्याला खोटा हिशोब म्हनत्यात, तुला म्हाईत हाय. हात गेलाय माझा. तू बोल्लास ते खरंय."

पोरी हळूच बाहेर सटकल्या. नाना आपल्या बोटाकडं बघत बसले होते, आणि कपाळाला आठी. वाईट वाटल्याची नव्हती ती. काहीतरी हिशोब मनात चालल्यासारखी होती. मधेच त्यांनी मान वर करून इस्माईलभाईंकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता भांडण परत पेटतंय.

"चहा पाजतो का?" नाना म्हणाले.

"चल," इस्माईलभाई म्हणाले, आणि दोघं जिना उतरून गेले. मी खिडकीतून बघितलं. टपरीवर दोघं एका बाकावर बसले होते आणि दोघांपैकी कुणीच काही बोलत नव्हतं. हे मिटलं म्हणायचं की अजून वाढलं म्हणायचं, मला काही उमगलं नाही. आकडा खोटा निघाला, नाना हरले, आणि नेमकं त्याच दिवशी दोघं चहा पितायत. मी तो माउस खोलून स्पिरिटनं पुसत बसले आणि माझं डोकं काही चालेना.

त्यानंतर नाना बटण दाबायला कधी आले नाहीत. वर यायचे, दारातून माणसं मोजायचे, "बरं हाय का मॅडम?" म्हणायचे आणि जायचे. बेडकाचं नाव काढलं नाही. मी एकदा म्हटलं, नवीन माउस आणलाय, बघा बसून. तर म्हणाले, "कशाला? हिशोब लागला माझा."

कुठला हिशोब, हे विचारायचं राहून गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मामानं क्लासला कुलूप लावायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी झालरीची कव्हरं घडी करून पिशवीत घातली आणि दुपारच्या नगर गाडीला बसले. बाजारचा दिवस होता, गाडी खचाखच भरलेली. पुढच्या दारालगतच्या बाकावर नाना आणि इस्माईलभाई शेजारी शेजारी. नगरला डोळ्याच्या डॉक्टरकडं निघाले होते, भाईंना मोतीबिंदू होता. मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते.

कंडक्टर नवाच होता. बारीक मिशी, कपाळावर घाम, पंच धरलेला हात घामानं सरकतोय. गाडी मधल्या फाट्यावर आली तरी तो पाठीमागच्या दाराशीच अडकलेला. नानांचे ओठ हलायला लागले. "अडुसष्ट," ते पुटपुटले. मग इस्माईलभाईंच्या खांद्यावरून वाकून मागं बघितलं, त्या कंडक्टरचा हात बघितला. मग उठले, दांड्या धरत धरत ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीपाशी गेले.

"ड्रायव्हरसाहेब, सुप्यापत्तूर काटा चाळीसवर ठिवा. मास्तरची तिकिटं व्हायचीत."

"लेट होईल नाना."

"हुंद्या लेट. इंजिन गरम हाय म्हना."

मी इस्माईलभाईंकडं बघितलं. ते चष्म्याच्या आड डोळे मोठे करून नानांकडं बघत होते. माझ्याकडंही एकदा बघितलं, मी कसम मोडली की काय म्हणून. मी जोरजोरात मान हलवली. नाही हो भाई, मी नाही सांगितलं.

नाना परत येऊन बसले. गाडी हळू झाली होती.

"कवा कळलं?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"येक्केचाळीसच्या दिशी." नाना समोर बघत म्हणाले. "दोन म्हैनं मीठ-पान्यात बोट बुडवून येक्केचाळीस. मग आदी तर त्याच्याबी खाली आसंल. तसल्या हातानं साठ-सत्तर तिकिटं सुप्याच्या आत कशी व्हतील? व्हतच न्हाईत. पन झाली तर हुती. म्हनलं कुटंतरी दुसरं कोन तरी जोडीला हाय. मग तुजं त्ये रोजचं गरम इंजिन आटावलं."

"मग बोल्ला का न्हाईस?"

"तू बोल्लास का दोन वर्सं?"

इस्माईलभाई खिडकीकडं तोंड करून बसले. दाढीवरून हात फिरवत होते, पण हात दाढीपेक्षा जरा वरच होता. नाना खिशातला पंच चाचपत राहिले. मी माझ्या पिशवीतली कव्हरं उगाच परत घडी करत होते आणि बाई गं, मला एवढं रडू येत होतं की शेजारच्या बाईनं विचारलं, माहेराहून निघालीस का?

सुप्याची पहिली दुकानं दिसायला लागली तेव्हा तो नवा कंडक्टर पुढच्या दाराशी पोचला. नाना आणि भाईंकडं रिटायर स्टाफचा पास होता, त्यामुळं माझं तिकीट शेवटचं होतं. त्यानं ते फाडून माझ्या हातात दिलं आणि बाहीनं कपाळ पुसलं. नानांनी एकदा मागून पुढपर्यंत सगळ्या गाडीवर नजर फिरवली, ओठ हलले, आणि त्या कंडक्टरकडं बघून त्यांनी मान डोलावली.

मग बसल्या जागेवरून हात वर केला, घंटीची दोरी धरली आणि दोनदा ओढली. गाडीनं वेग घेतला.